बॅटरीवरचे पाइप क्रिम्पिंग मशीन: मदतनीसाचा हात जबड्याजवळ असताना काय काळजी घ्यावी?

प्रश्न

नमस्कार. तांब्याच्या पाइपांना डाख देऊन जोडण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. गेल्या काही महिन्यांपासून मात्र बॅटरीवर चालणारे क्रिम्पिंग (प्रेस) मशीन वापरू लागलो आहे; त्याचा जबडा पाइपावर चढवलेले फिटिंग (जोडाचा तुकडा) दाबून घट्ट करतो. ज्योत पेटवावी लागत नाही, पाइपात थोडे पाणी उरले असले तरी जोड अडत नाही आणि १५ ते २८ मिलिमीटरचा जोड काही सेकंदांत तयार होतो, त्यामुळे आता पुन्हा डाखाकडे वळावेसे वाटत नाही. अडचण एवढीच की ज्योतीजवळ हात गेला तर आच लागते आणि तो आपोआप मागे येतो. हे मशीन असा कोणताही इशारा देत नाही.

मागच्या आठवड्यात छताजवळच्या एका २२ मिलिमीटरच्या एल्बोवर (कोपऱ्यावरच्या वळणाच्या फिटिंगवर) काम चालले होते. मदतनीस एका हाताने पाइप आणि दुसऱ्या हाताने एल्बो धरून उभा होता. मी शेजारच्या शिडीवरून जबडा बसवून ट्रिगर दाबला आणि त्याच्या सैल हातमोज्याच्या बोटाचे टोक जबड्यात सापडले. तो ओरडताच मी ट्रिगर सोडला, तरीही जबडा मिटतच राहिला. चाचपडताना दाब सोडण्याचे बटण हाताला लागले म्हणून मशीन थांबले. बोट बचावले, हातमोज्याचे टोक मात्र जबड्यातच राहिले.

ट्रिगर सोडूनही मशीन का थांबले नाही, हा बिघाड समजावा की त्याची रचनाच तशी असते? दुसरे असे की हातमोज्याचा तुकडा काढून मी तोच जोड पुन्हा पूर्ण दाबला आणि आता तेथून पाण्याचा थेंबही येत नाही. हा जोड तसाच ठेवावा का? आणि त्या गडबडीनंतर जबडा पुसताना त्याच्या आतल्या बाजूला केसाएवढी बारीक रेघ दिसली. ओळखीचा एक वेल्डर ती भरून देण्यास तयार आहे. या तिन्ही बाबतींत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १

मदतनीसाचे बोट वाचले हे वाचून बरे वाटले. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की हा बहुधा बिघाड नाही. या मशीनमध्ये मोटर एक छोटा हायड्रॉलिक पंप चालवते, पंपाच्या तेलाने दट्ट्या पुढे सरकतो, दट्ट्याच्या टोकावरचे दोन रोलर जबड्याच्या मागच्या दोन दांड्यांमध्ये घुसून त्या फाकवतात आणि त्यामुळे पुढचे तोंड मिटते. अनेक कंपन्यांच्या मशीनमध्ये रोलर जबड्याला टेकेपर्यंतच ट्रिगर दाबून धरावा लागतो. त्यापुढचा टप्पा मशीन स्वतःच पूर्ण करते. जोड अर्धवट राहू नये यासाठी ही सोय मुद्दाम केलेली असते, म्हणजे जे जोडासाठी हिताचे तेच बोटासाठी घातक ठरते. काही मशीनमध्ये ट्रिगर सोडला की दट्ट्या जागच्या जागी थांबतो, परंतु तेथेही जबडा उघडत नाही. अडकलेले बोट दाबाखाली तसेच राहते. दोन्ही प्रकारांत सुटकेचा उपाय एकच, तो म्हणजे दाब सोडण्याचे बटण किंवा कळ, जी दाबल्यावर तेल मागे जाते आणि दट्ट्या माघारी येतो.

म्हणूनच माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या हातात नवे मशीन दिले की पहिला जोड मी त्यांना पूर्ण करू देत नाही. पाइपाच्या टाकाऊ तुकड्यावर दाब सुरू करायचा आणि मध्येच बटण दाबून मशीन मागे घ्यायचे, हे डोळे मिटूनही जमेपर्यंत करून घेतो. आपल्याला बटण चाचपडावे लागले, ही मला त्या प्रसंगातली सर्वांत काळजीची गोष्ट वाटते, कारण जबडा मिटायला जेमतेम चार-पाच सेकंद लागतात आणि त्यातले पहिले एक-दोन सेकंद काय झाले ते कळण्यातच जातात.

आता मूळ मुद्दा. ट्रिगर एकाच्या हातात आणि फिटिंग दुसऱ्याच्या हातात, ही मांडणीच चुकीची आहे. ज्याच्या बोटाखाली ट्रिगर असतो तो जबड्याकडे पाहत असतो आणि त्याचे स्वतःचे हात मशीनवर सुरक्षित असतात. धोक्यात असतो तो दुसऱ्याचा हात, आणि त्या हाताच्या धन्याला मशीन नेमके कधी सुरू होणार हे माहीत नसते. पाइपाला क्लॅम्प लावा, तात्पुरता आधार द्या, जोडांचा क्रम असा ठरवा की जड वा लांब भाग आधीच पक्का झालेला असेल. फिटिंग पाइपावर पूर्ण सरकवून पाइपावर मार्करने खूण केली, तर ते जागेवर आहे की नाही हे पाहण्यासाठी धरून ठेवण्याची गरज नसते. ट्रिगर दाबण्याआधी खूण हलली नाही ना, एवढे पाहिले की पुरते. क्वचित माणसाने धरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर त्याने जोडापासून निदान हातभर दूर पाइप धरावा, आणि त्याने स्वतः तोंडाने होकार दिल्याशिवाय मशीन चालवायचे नाही. ‘मी ‘दाबा’ म्हणेन तेव्हाच दाबायचे’, असा उलटा हुकूम मदतनीसाच्या हाती द्यावा.

आणखी एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जबडा उघडण्यासाठी त्याच्या मागच्या दांड्या चिमटीत धरून दाबाव्या लागतात आणि जबडा फिटिंगवर बसल्यावरही ती चिमूट तिथेच राहून जाते. रोलर नेमके त्याच ठिकाणी शिरतात. म्हणजे पुढचे तोंड हे बोट सापडण्याचे एक ठिकाण आणि मागचा सांधा हे दुसरे. जबडा बसला की तो हात मशीनच्या मुठीवर किंवा अंगावर परत यायला हवा, आणि ही सवय सुरुवातीपासूनच लावावी लागते.

शिडीबद्दलही लिहितो. दाब वाढू लागला की जबडा पाइपाशी काटकोनात येण्याचा प्रयत्न करतो आणि मशीन हातात थोडे वळते. भिंत आणि मशीन यांच्या मध्ये मनगट असेल तर ते तिथे चेपले जाते, आणि शिडीवर एका पायावर तोल सावरत असाल तर तो जातो. मोठी मशीन बॅटरी आणि जबड्यासह चार-पाच किलोंपर्यंत भरतात. तेवढे वजन डोक्याच्या वर धरून काम करायचे असेल तर शिडीऐवजी मचाण घ्यावे, मशीनला दोरी बांधावी आणि खाली कोणी उभे राहणार नाही हे पाहावे.

उत्तर २

मी अशी मशीन दुरुस्त करण्याचे काम करतो, त्यामुळे जबड्यावरच्या रेघेबद्दल आधी लिहितो: तो जबडा आज, आत्ता बाजूला काढा आणि दुसऱ्या कोणाच्या हाती लागणार नाही असा ठेवा. वेल्डिंगचा विचारही करू नका.

साध्या मोठ्या मशीनचा दट्ट्या सुमारे ३२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपास, जोर लावतो. लहान मशीनमध्येही हा आकडा १९ ते २४ किलोन्यूटनच्या घरात असतो. प्रत्येक जोडाच्या वेळी जबड्याच्या दोन्ही दांड्या किंचित वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. हजारो वेळा असे झाले की धातू थकतो, आणि तडा जातो तो बहुधा आतल्या खाचेच्या सर्वांत खोल भागात किंवा पिनांच्या भोकांभोवती, कारण ताण तेथेच एकवटतो. एकदा तडा सुरू झाला की पुढच्या दहाव्या जोडाला जबडा तुटेल की हजाराव्या, हे कोणी सांगू शकत नाही. तुटतो तेव्हा मात्र तो नुसता दोन भागांत वेगळा होत नाही, तुकडा उडतो. वेल्डर तडा वरून भरून देईल, पण जबड्याचे पोलाद पाणी दिलेले (तापवून-विझवून कठीण केलेले) असते, वेल्डिंगच्या उष्णतेने ते पाणी उतरते किंवा त्या जागी पोलाद ठिसूळ होते, आणि तडा दिसेनासा झाल्यामुळे पुढच्या माणसाला तो जबडा चांगला वाटतो. मला विचाराल तर दिसणाऱ्या तड्यापेक्षा असा झाकलेला तडा अधिक वाईट.

जबडा तपासायचा तर आधी तो कोरडा आणि स्वच्छ करावा लागतो. खाचेत तांब्याचा चुरा आणि तेल बसले की रेघ दिसत नाही. कापड, मऊ ब्रश, चांगला उजेड आणि शक्य असेल तर भिंग, एवढ्या साधनांनी दिवसाच्या सुरुवातीला मिनिटभर पाहावे. सांध्याला तेलाचा एखादा थेंब द्यावा, पण खाच कोरडी ठेवावी. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा तो तुकडा उडण्याच्या या धोक्यासाठीच, आणि तो ट्रिगरवाल्याइतकाच शेजारी उभ्या माणसालाही हवा.

जबडा मशीनला धरून ठेवणारी पिन पूर्ण आत गेली नसेल तर सगळा जोर पिनेच्या टोकावर येतो आणि पिन, जबडा किंवा मशीनचे तोंड यांपैकी काहीतरी फुटते. काही मशीन अशा वेळी सुरूच होत नाहीत, पण त्या सोयीवर विसंबू नये. पिन शेवटपर्यंत ढकलून तिचा खटका बसल्याची खात्री करावी. जबडा बदलताना बॅटरी काढून ठेवावी. ट्रिगर इतका हलका असतो की जबड्याशी झटापट करताना तो तळहाताने दाबला गेल्याची उदाहरणे दुरुस्तीला आलेल्या लोकांकडूनच मी ऐकली आहेत.

बॅटरी उतरत आली की जोड कमकुवत होतो असा एक समज आहे, तो सहसा खरा नसतो. तेलाचा दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की आतली झडप उघडते, टक असा आवाज येतो आणि दट्ट्या मागे फिरतो. बॅटरी कमी असेल तर मशीन त्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही आणि मध्येच थांबते, म्हणजे जोड होतो तेव्हा पूर्ण होतो, नाहीतर अर्धवट राहतो आणि ते कळतेही. तो आवाज ऐकण्याची सवय ठेवा. आवाज न येता जबडा सुटला, किंवा आवाज नेहमीपेक्षा फार लवकर आला, तर जोड तपासा आणि मशीनही. मशीनच्या अंगावर तेल झिरपताना दिसले तर ती जागा बोटाने चाचपू नका. आतला दाब काहीशे बार असतो आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आलेले तेल कातडीखाली शिरू शकते. अशी जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची निकड असलेली जखम आहे.

सर्व्हिसचा दिवा लागला की बरेच जण तो शेवटच्या क्षणापर्यंत दुर्लक्षित ठेवतात. ठरावीक संख्येइतके जोड झाले किंवा ठरावीक काळ गेला की दिवा लागतो, आणि आणखी काही जोडांनंतर काही मशीन चक्क बंद होतात. मशीनसोबत जबडेही तपासणीला पाठवावेत. लोक मशीन पाठवतात आणि जबडे कामावर ठेवून घेतात, हे मला अजून समजलेले नाही.

बॅटरीविषयी थोडक्यात: लिथियम-आयनची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, खिशात खिळे किंवा चाव्यांसोबत टाकू नये, आणि फुगलेली दिसली तर पुन्हा वापरू नये. मशीन बॅटरीवर चालते म्हणून विजेचा धोका नाही असेही समजू नये. जबडा लोखंडी आहे, मशीनचे अंग विद्युतरोधक नसते, आणि पाइपाच्या मागे भिंतीतून गेलेली चालू वायर जबड्यात चेपली गेली तर धक्का आपल्यालाच बसतो.

उत्तर ३

वरच्या दोन्ही उत्तरांत जोडाबद्दलचा प्रश्न राहून गेला आहे, म्हणून लिहितो. तो एल्बो कापून काढा.

पाणी थांबले म्हणजे जोड झाला, ही डाखकामातून आलेली समजूत आहे. डाखात धातूच गळती थांबवतो आणि धातूच पाइप धरून ठेवतो. प्रेसच्या जोडात ही दोन कामे वेगळी असतात: रबरी रिंग गळती थांबवते, आणि फिटिंगचा दबून बदललेला आकार पाइपाला घट्ट धरतो. रिंग थोड्याशा दाबानेही पाणी अडवू शकते. धरून ठेवण्याची ताकद मात्र जबडा सगळीकडून सारखा आणि पूर्ण मिटल्याशिवाय येत नाही. आपल्या बाबतीत जबडा आणि फिटिंग यांच्यामध्ये कापड आले होते, धातू एका बाजूने आधीच चेपला गेला होता, आणि दुसऱ्या वेळी जबडा नेमक्या त्याच रेषेवर बसला असेलच असे नाही. असा जोड आज कोरडा राहील, परंतु गरम पाण्याने पाइप लांब-आखूड होत राहिला किंवा नळ झटकन बंद केल्याने दाबाचा हिसका बसला, तर पाइप फिटिंगमधून सुटून येऊ शकतो. मध्येच थांबलेला जोड जबडा न हलवता पुन्हा पूर्ण दाबण्यास काही उत्पादक परवानगी देतात, पण जबडा काढून पुन्हा बसवणे ही निराळी गोष्ट आहे.

जबड्याचा आकार (प्रोफाइल, म्हणजे खाचेची घडण) आणि फिटिंगचा आकार एकमेकांचे असावे लागतात, हेही यातच येते. व्ही, एम, टीएच, यू अशा आकारांची नावे जबड्यावर कोरलेली असतात. २२ चा जबडा २२ च्या फिटिंगवर बसतो म्हणून तो चालतो असे नाही, कारण एम आकाराचा जबडा व्ही आकाराच्या फिटिंगवर दाबला तर वरून जोड झाल्यासारखा दिसतो आणि आत धातू भलत्याच ठिकाणी दबलेला असतो. केबलच्या टोकांना लग (धातूची टोके) दाबण्यासाठीचे मशीन दिसायला सारखे असते. त्याचे जबडे पाइपासाठी नसतात.

पाइप काटकोनात कापणे आणि आतबाहेरची बर (कापताना उरलेली खरखरीत कड) काढणे याला लोक सफाईची बाब मानतात. वस्तुतः धारदार कडा फिटिंगमध्ये शिरताना रिंग कापते आणि ते बाहेरून कधीच दिसत नाही. पाइप सरकत नसेल तर रिंगला पाण्याचा हात लावावा; पाण्याच्या लाइनीत असते त्या काळ्या इपीडीएम (एक कृत्रिम रबर) रिंगला खनिज तेल किंवा ग्रीस लागले तर रबर फुगते. गॅसच्या लाइनीसाठी रिंग वेगळ्या रबराची असते, बहुधा पिवळ्या रंगाची, आणि तेथे पाण्याचे फिटिंग वापरू नये.

चाचणीबाबत एक इशारा. आजकालच्या बऱ्याच फिटिंगमध्ये दाबायचे राहून गेलेला जोड मुद्दाम गळावा अशी रचना असते, म्हणून आधी कमी दाबाने पाहणी करून मगच पूर्ण दाब द्यावा. थेट मोठा दाब दिला तर न दाबलेले फिटिंग सुटून अंगावर येऊ शकते. हवेने चाचणी करताना तर विशेष जपावे, कारण पाणी दाबले जात नाही, ते जरासे गळले की दाब लगेच उतरतो, तर हवा स्प्रिंगसारखी दबून बसलेली असते आणि जोड सुटला की ती सगळी शक्ती एका क्षणात बाहेर पडते. हवेचा दाब चढवताना कोणीही पाइपाच्या टोकासमोर उभे राहू नये.

उत्तर ४

एक छोटा मुद्दा जोडतो. हातमोजा फाटला म्हणून उद्यापासून उघड्या हातांनी काम करायचे, असा निष्कर्ष कृपया काढू नका. कापलेल्या पाइपाची कड हाताला जितकी कापते तितके या कामात दुसरे काहीच कापत नाही. दोष सैलपणाचा होता. बोटांना घट्ट बसणारे, टोकाला कापड लोंबत नसलेले हातमोजे वापरा, बाही दुमडा, आणि हात जबड्यापासून दूर असेल तर हातमोजा असला काय नि नसला काय, जबड्याच्या धोक्यापुरते सारखेच.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तो एल्बो कापून काढला आणि कुतूहल म्हणून उभा चिरून पाहिला. ज्या बाजूला हातमोज्याचे कापड आले होते तेथे दाबाच्या दोन रेषा एकमेकींपासून दीडेक मिलिमीटर सरकलेल्या दिसल्या, आणि चिरण्याआधी पाइप हाताने पिळला तर किंचित फिरत होता. पाणी मात्र खरोखरच थांबलेले होते. जबडा बाद केला आहे. मदतनीसाने ‘दाबा’ म्हटल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही, ही पद्धत तीन दिवस पाळतो आहे. सुरुवातीला त्यालाच संकोच वाटत होता.

पुढच्या कामात ७६ मिलिमीटरच्या काही लाइनी आहेत आणि त्यासाठी जबड्याऐवजी रिंग वापरावी लागेल असे समजते. तिच्याबाबत वेगळे काही सांभाळावे लागते का?

उत्तर १ चा पुन्हा प्रतिसाद

होय, साधारण ५४ मिलिमीटरपर्यंत जबडा पुरतो आणि त्यापुढे रिंग लागते. रिंग म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या तुकड्यांचे कडे. ते आधी फिटिंगभोवती घालून बंद करायचे, आणि मग मशीनला नेहमीच्या जबड्याऐवजी लावलेल्या जोडजबड्याची दोन टोके कड्याच्या दोन खाचांत अडकवून दाबायचे. धोका या अडकवण्यात आहे. एक टोक खाचेत पूर्ण आणि दुसरे अर्धवट बसले असेल, तर दाब चढल्यावर जोडजबडा निसटतो आणि मशीन झटक्याने मागे येते. त्यामुळे चेहरा मशीनच्या सरळ रेषेत ठेवू नये आणि दोन्ही टोके खाचेच्या तळाला टेकलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ट्रिगरला बोट लावू नये. रिंगचे सांधे कोरडे पडले असतील तर ती एका बाजूने आधी मिटते, म्हणून ती आधी हातात उघडझाप करून पाहावी.

दाबून झाल्यावर रिंगची दोन टोके एकमेकांना टेकली आहेत की मध्ये फट राहिली आहे, हे टॉर्चच्या उजेडात पाहा. रिंग काढताना ती सुटून पायावर पडण्याइतकी जड असते. उभ्या लाइनीवर तर जोडजबडा सोडवण्याआधीच तिच्याखाली दुसरा हात असू द्या. पुढे कधी १०८ मिलिमीटरचे काम आले तर उत्पादकाची सूचना आधी वाचा, कारण काही पद्धतींत तो जोड दोन वेगळ्या जोडजबड्यांनी दोन टप्प्यांत दाबावा लागतो आणि पहिल्या टप्प्यानंतर तो पूर्ण झाल्यासारखा दिसत असला तरी अपुराच असतो.